आइस हॉकी: चौथ्या फळीत दणकट गडी की कसबी खेळाडू?

टोरोंटोजवळ राहणाऱ्या एका पालकांचा प्रश्न आहे. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा स्पर्धात्मक आइस हॉकी खेळतो. हात चांगला आहे, पक (रबराची चकती) स्टिकला चिकटून राहतो. पण या मोसमात कोचने त्याला चौथ्या फळीत, म्हणजे सर्वांत कमी खेळणाऱ्या तिघांत टाकलं आणि काही सामन्यांत तर त्याला बसवून त्याच्यापेक्षा थोराड, गोलच्या नावाने फारसं काही नसलेला मुलगा खेळवला. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्येही हेच दिसतं असं त्यांचं म्हणणं आहे. चौथ्या फळीसाठी दणकट आणि कसबी यांतला एक निवडताना कोच नेमकं काय बघतो, हे त्यांना जाणून घ्यायचंय.

मी कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात याच वयाच्या आणि थोड्या मोठ्या मुलांच्या संघांना बरीच वर्षं शिकवतोय, त्यामुळे ही निवड मला सतत करावी लागते. थेट उत्तर देतो. पहिल्या दोन फळ्यांतला खेळाडू कोच त्याची सर्वांत चांगली शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक खेप, बघून निवडतो. चौथ्या फळीतला निवडताना तो सर्वांत वाईट शिफ्ट बघतो. ज्याची वाईट शिफ्ट संघाला परवडते तो आत, ज्याची परवडत नाही तो बाहेर. दणकट की कसबी हा विचार त्याच्या नंतरचा.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं. सामन्याला १८ स्केटर आणि २ गोलरक्षक उतरतात. त्या १८ मध्ये बहुतेक वेळा १२ फॉरवर्ड (आघाडीचे खेळाडू) असतात, म्हणजे तिघातिघांच्या चार फळ्या. एक शिफ्ट साधारण पाऊण मिनिटाची, कारण पूर्ण वेगात त्याहून जास्त कुणाचा दम टिकत नाही. ६० मिनिटांच्या सामन्यात (वीस मिनिटांचे तीन पिरियड) पहिल्या फळीला १८ ते २० मिनिटं मिळतात, चौथीला ८ ते ११. सरासरी १० धरली तरी ८२ सामन्यांच्या हंगामात ८२० मिनिटं होतात, म्हणजे जवळजवळ १४ पूर्ण सामने. चौथी फळी म्हणजे नुसती जागा भरायची सोय, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

या फळीकडून कोचची अपेक्षा मोठी नसते, पण पक्की असते. वरच्या फळ्या दम खाऊन परत येईपर्यंत खेळ आपल्या गोलपासून लांब ठेवा, पेनल्टी (काही मिनिटं बर्फाबाहेर बसायची शिक्षा) घेऊ नका आणि जमलं तर पक समोरच्याच्या कोपऱ्यात सोडून या. एनएचएलच्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सहाच्या आसपास गोल होतात. इतक्या कमी गोलांच्या खेळात चौथ्या फळीने खाल्लेला एक गोल भरून काढायला पहिल्या फळीची अख्खी संध्याकाळ जाते.

वाईट शिफ्ट किती महाग पडू शकते ते २०१२ च्या स्टॅन्ली कप (एनएचएलचं विजेतेपद) अंतिम फेरीत दिसलं. न्यू जर्सी डेव्हिल्सची चौथी फळी त्या वसंतात भलतीच रंगात होती: स्टीफन जिओन्टा, रायन कार्टर आणि स्टीव्ह बर्निए. दणकटही होते आणि मोक्याचे गोलही करत होते. सहाव्या सामन्याच्या पहिल्याच पिरियडमध्ये बर्निएने लॉस एंजेलिसच्या रॉब स्कुडेरीला मागून भिंतीवर आदळलं. पाच मिनिटांची मेजर पेनल्टी लागली आणि बर्निए सामन्यातूनच बाहेर गेला. मेजर पेनल्टीत गोल झाला तरी शिक्षा संपत नाही, पाचही मिनिटं भोगावी लागतात. लॉस एंजेलिसने त्या वेळात तीन गोल केले, सामना ६-१ असा जिंकला आणि कप उचलला. खेळाडू वाईट नव्हता आणि फळीही वाईट नव्हती. तरी एक हिट अर्धा सेकंद उशिरा झाला आणि तेवढ्यावर सगळं गेलं.

आता दणकट या शब्दाचा आजचा अर्थ. पूर्वी चौथ्या फळीत मारामारीसाठी एक माणूस राखून ठेवलेला असायचा. आपल्या स्टारला कुणी हात लावला तर हा हातमोजे टाकून हिशेब चुकता करणार. ती जागा हळूहळू संपली. भांडण उकरून काढणाऱ्याला जादा शिक्षा देणारा नियम १९९२ मध्ये कडक झाला. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीत गेल्यावर लीग परतली ती अडवाअडवीवर कडक शिट्टी आणि पगाराची कमाल मर्यादा घेऊन. खेळ वेगवान झाला, आणि फक्त ठोसे मारणाऱ्यावर पैसे आणि जागा खर्च करणं परवडेनासं झालं. मग २०११ च्या उन्हाळ्यात डेरेक बूगार्ड, रिक रिपियन आणि वेड बेलाक हे तिघे खेळाडू वारले. तिघेही मारामारीच्या भूमिकेसाठी ओळखले जायचे. बूगार्डच्या मेंदूच्या तपासणीत वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई आजार सापडला. त्यानंतर या भूमिकेकडे बघण्याची अनेकांची नजर बदलली, माझीही. आज मी दणकट म्हणतो तेव्हा मला स्केटिंग येणारा, वेळेवर पोहोचणारा आणि पोहोचल्यावर अंगाने काम करणारा खेळाडू अभिप्रेत असतो. स्केटिंग नसेल तर अंगाचा काही उपयोग नाही, कारण उशिरा पोहोचलेला हिट म्हणजे पेनल्टी.

असा खेळाडू देतो काय, ते जरा जवळून बघू. आपण पक समोरच्याच्या कोपऱ्यात टाकला. त्यांचा बचावपटू तो आणायला वळतो. आता त्याचं तोंड काचेकडे आणि पाठ मैदानाकडे. पकजवळ पोहोचण्याआधी तो एकदा खांद्यावरून मागे बघतो, कोण येतंय, कुठून येतंय. आपला पहिला फॉरवर्ड सरळ त्याच्या अंगावर जात नाही. तो गोलच्या बाजूने वळसा घेत येतो, म्हणजे बचावपटूला जाळ्यामागून निसटता येत नाही आणि एकच वाट उरते, भिंतीलगत वरची. त्या वाटेत फॉरवर्डची स्टिक आधीच बर्फावर टेकलेली असते. मग खांदा लागतो. दुसरा फॉरवर्ड पास जिथे येणार तिथे भिंतीवर हजर असतो. तिसरा वर, फेसऑफच्या (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करण्याच्या) दोन वर्तुळांच्या मध्ये थांबतो, डाव उलटलाच तर मागे पळायला मोकळा.

प्रेक्षकांना खांदा दिसतो. कोचला त्यानंतरचं हवं असतं. तिसऱ्या पिरियडमध्ये तोच बचावपटू पुन्हा त्याच कोपऱ्यात जातो, मागून स्केट बर्फ कापत येताना ऐकतो आणि या वेळी खांद्यावरून न बघताच पक भिंतीवरून ढकलून देतो. हिट झालाच नाही, आकडेवारीत नोंदही नाही, पण पक आपला. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, त्याच संघाशी पाठोपाठ सात सामनेही खेळावे लागतात आणि ही घाई रोज थोडी वाढत जाते. अनेक कोच नियमित हंगामात वेगवान तरुण खेळवतात आणि एप्रिलमध्ये जड गडी आणतात, ते यासाठी.

म्हणून नुसत्या हिटच्या आकड्याने मला काही कळत नाही. नियमाप्रमाणे हिट पक असलेल्यालाच मारता येतो. ज्या फळीचे हिट ढीगभर, ती बराच वेळ पकच्या मागे पळत होती असाही त्याचा अर्थ निघतो. हिटनंतर पक कुणाकडे गेला, हे मी व्हिडिओवर बघतो.

निवडीत पहिली जागा ठरते ती सेंटरची, म्हणजे फळीतल्या मधल्याची, आणि तिथे दणकट की कसबी हा वाद जवळपास नसतोच. सेंटरला फेसऑफ जिंकता यायला हवा आणि आपल्या गोलसमोर खाली उतरून बचाव करता यायला हवा. २००५ पासून आणखी एक नियम आहे. आपण आयसिंग केलं, म्हणजे मध्यरेषेच्या अलीकडून पक थेट पलीकडच्या टोकाला भिरकावला, की आपल्याला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेल्या चौथ्या फळीला आपल्याच गोलशेजारी फेसऑफ घ्यावा लागतो आणि समोरचा कोच लगेच आपली ताजी पहिली फळी सोडतो. तो फेसऑफ हरलात की पुढची वीस सेकंदं जीव मुठीत. त्यामुळे सेंटर भरवशाचा, आणि खरा प्रश्न दोन्ही बाजूंच्या विंगरचा.

दुसरी गोष्ट सामना कुठे आहे. खेळ थांबल्यावर पाहुण्या संघाने आधी खेळाडू उतरवायचे असतात आणि यजमानाने ते बघून मग. घरच्या मैदानावर मी एखाद्या जड, जरा संथ विंगरला समोरच्या चौथ्या फळीपुढेच उतरवून सांभाळू शकतो. बाहेरच्या मैदानावर तो मला सांभाळता येत नाही. तो बेंचवरून उठला रे उठला की समोरचा कोच आपले सर्वांत चपळ तिघे पाठवणार. क्रिकेटमध्ये खेळपट्टी बघून अकरावा खेळाडू ठरतो तसा इथे बारावा फॉरवर्ड बऱ्याचदा शेवटचा बदल कुणाच्या हातात आहे यावर ठरतो. त्यामुळे मंगळवारी खेळलेला मुलगा गुरुवारी बाहेर बसला तर त्यात दरवेळी त्याची काही चूक असतेच असं नाही.

तिसरी गोष्ट पेनल्टी किल. एक खेळाडू कमी असताना बचाव करायचा ती दोन मिनिटं. चौथ्या फळीतल्या कुणाला हे काम येत असेल तर पहिल्या फळीचे पाय वाचतात, आणि त्यालाही बेंचवर थंड पडायला वेळ मिळत नाही. या कामाची किंमत काय असते ते बॉस्टनच्या ग्रेगरी कॅम्पबेलने २०१३ मध्ये दाखवलं. पिट्सबर्गविरुद्ध पेनल्टी किल चालू असताना मल्किनचा फटका अंगावर घेऊन त्याने अडवला. पायाचं हाड मोडलं. तशा पायावर तो जवळपास मिनिटभर बर्फावर उभा राहिला, पासच्या वाटेत स्टिक घालत राहिला, आणि पक बाहेर गेल्यावरच बेंचकडे आला. गोल झाला नाही आणि बॉस्टनने तो सामना दुसऱ्या जादा वेळेत २-१ असा जिंकला.

आता जिथे या निवडीची खरी परीक्षा झाली ते प्रसंग. २०११ ची अंतिम फेरी, बॉस्टन विरुद्ध व्हँकुव्हर. बॉस्टन पहिले दोन्ही सामने एकेका गोलने हरलेलं. कोच क्लोड जुलियनकडे १९ वर्षांचा टायलर सेगिन होता, आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला. काही आठवड्यांपूर्वीच टॅम्पा बेविरुद्ध एका सामन्यात त्याने दोन गोल आणि दोन असिस्ट केले होते. दुसरीकडे शॉन थॉर्नटन, तिशी ओलांडलेला, चौथ्या फळीचा दणकट गडी, आणि तो पहिल्या दोन सामन्यांत बाहेर बसला होता. बॉस्टनमधल्या तिसऱ्या सामन्यासाठी जुलियनने सेगिनला काढून थॉर्नटनला घेतलं. बॉस्टन ८-१ ने जिंकलं.

याचं श्रेय थॉर्नटनच्या खात्यावर टाकणं चुकीचं ठरेल. सुरुवातीलाच बॉस्टनच्या नेथन हॉर्टनवर झालेल्या बेकायदा हिटने अख्खा संघ पेटला होता. पण जुलियनचा विचार मला पटतो. दोन सामने एकेका गोलने गेलेत, गोलरक्षक उत्तम खेळतोय, म्हणजे कमतरता कसबाची नाही. आपल्याला घरच्या प्रेक्षकांपुढे पहिल्या मिनिटापासून त्यांच्या बचावपटूंना कोपऱ्यात दाबायचंय. थॉर्नटन, कॅम्पबेल आणि डॅनियल पाये यांना एकमेकांची सवय होती. आणि पुढच्या सामन्यात हॉर्टन नसल्याने सेगिनही परत आला, कारण आता वरच्या फळीतून कसब कमी झालं होतं. एकाच कोचने काही दिवसांच्या अंतराने त्याच प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरं दिली, आणि दोन्ही बरोबर होती.

मला सर्वांत जास्त शिकवून गेलेलं उदाहरण मात्र पिट्सबर्ग आणि सेंट लुईसचं आहे. २०१६ आणि २०१७ असे लागोपाठ दोन कप पिट्सबर्गने वेगाच्या जोरावर जिंकले. पण आपला स्टार सिडनी क्रॉस्बी याला बसणाऱ्या तडाख्यांनी व्यवस्थापन वैतागलं होतं. २०१७ च्या ड्राफ्टच्या दिवशी त्यांनी सेंट लुईसकडून रायन रीव्हज घेतला, त्या काळातला लीगमधला सर्वांत धाक असलेला गडी. बदल्यात ओस्कार सुंडक्विस्ट नावाचा फारसा कुणाला माहीत नसलेला तरुण सेंटर दिला आणि पहिल्या फेरीचा ड्राफ्ट हक्क देऊन दुसऱ्या फेरीचा घेतला. कोच माइक सलिव्हनचा सगळा खेळ वेगाचा. त्यात रीव्हजला सामन्याला सात मिनिटांच्या आसपासच वेळ मिळायचा. हंगाम संपण्याआधीच, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो व्हेगासला गेला. तिथे त्याच वसंतात त्याने विनिपेगविरुद्ध कॉन्फरन्स अंतिम फेरीचा (म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीचा) निर्णायक गोल केला. म्हणजे रीव्हज तोच होता. पिट्सबर्गच्या खेळात त्याच्यासाठी काम नव्हतं, व्हेगासच्या खेळात होतं.

इकडे सुंडक्विस्टचं काय झालं ते बघा. २०१९ च्या जानेवारीत सेंट लुईस लीगच्या तळाला होतं. नोव्हेंबरमध्ये आलेला कोच क्रेग बेरूबी स्वतः खेळाडू असताना तीन हजारांहून जास्त पेनल्टी मिनिटं भोगलेला माणूस. हा आता चौथ्या फळीत पहिलवान भरणार असं कुणालाही वाटलं असतं. त्याने ठेवले इव्हान बार्बाशेव्ह, सुंडक्विस्ट आणि अलेक्झांडर स्टीन. स्टीन कधीकाळी पहिल्या फळीत गोल करणारा, मोठ्या पगाराचा खेळाडू. त्याने चौथी फळी कुरबुर न करता घेतली. तिघांनाही स्केटिंग येत होतं, तिघेही अंगाने खेळत, तिघांनाही पक सांभाळता येत होता. बेरूबी त्यांना पिरियडच्या सुरुवातीला उतरवायचा, गोल झाल्यावर लगेच उतरवायचा, अंतिम फेरीत बॉस्टनच्या पहिल्या फळीतल्या बर्जरॉन, मार्शंड आणि पास्टरनाक यांच्यासमोरही बिनधास्त उतरवायचा.

त्याच अंतिम फेरीत या फळीची दुसरी बाजूही दिसली. दुसऱ्या सामन्यातल्या एका हिटमुळे सुंडक्विस्टवर तिसऱ्या सामन्याची बंदी आली आणि सेंट लुईस ७-२ ने हरलं. पाचव्या सामन्यातल्या हिटमुळे बार्बाशेव्हवर सहाव्याची बंदी आली, तोही सामना ५-१ ने गेला. एका खेळाडूमुळे एवढा फरक पडतो असा दावा मी करणार नाही. पण ही फळी मोडली की बेरूबीची सगळी मांडणीच विस्कटत होती, हे दोन्ही सामने पाहताना स्पष्ट दिसत होतं. सातव्या सामन्यात तिघे एकत्र आले, सेंट लुईस ४-१ ने जिंकलं. याच बेरूबीने पुढे टोरोंटोचा कोच असताना २०२४-२५ मध्ये रीव्हजला निम्म्याहून कमी सामने दिले आणि मार्चमध्ये क्लबने त्याला वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे दुसऱ्या कुणालाही उचलता येईल असं मोकळं केलं. स्वतः त्या भूमिकेत आयुष्य काढलेला माणूस जेव्हा तशी जागा भरत नाही, तेव्हा त्याची दखल घ्यायला हवी.

टोरोंटोचंच आणखी एक उदाहरण तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं. एप्रिल २०१७, वॉशिंग्टनविरुद्ध प्लेऑफचा दुसरा सामना, दुसरी जादा वेळ. बर्फावर चौथी फळी: मॅट मार्टिन आणि ब्रायन बॉईल हे दोन धिप्पाड गडी आणि सोबत विशीतला चपळ कॅस्पेरी कापानेन. बॉईलने जाळ्यामागून पास दिला आणि कापानेनने सामना जिंकून देणारा गोल केला. दोन जडांनी पक खाली धरून ठेवायचा आणि एका कसब्याने समोर मोकळी जागा शोधायची, अशी मिसळ मला मनापासून आवडते. पण पुढच्या हंगामात, २०१८ च्या सुरुवातीला, कोच माइक बॅबकॉकने मार्टिनला बाहेर बसवून त्याची जागा कापानेनला दिली. वरच्या फळ्या इतक्या आक्रमक होत्या की चौथ्या फळीनेही त्याच वेगाने खेळावं असं त्याला वाटलं. कापानेनने त्यानंतरच्या हंगामात, वरच्या फळीत बढती मिळाल्यावर, २० गोल केले.

मार्टिनला त्या उन्हाळ्यात न्यू यॉर्क आयलंडर्सकडे परत पाठवलं. तिथे नवा कोच बॅरी ट्रॉट्झ आला होता. त्याने मार्टिन, केसी सिझिकस आणि कॅल क्लटरबक ही जुनी फळी पुन्हा जुळवली आणि तिला कठीण कामं दिली: आपल्या टोकाकडचे फेसऑफ, आघाडी राखायची शेवटची मिनिटं. आदल्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गोल खाणारा हा संघ त्या वर्षी सर्वांत कमी गोल खाणारा ठरला. त्यात गोलरक्षकांचा वाटा मोठा, पण ट्रॉट्झच्या शिस्तीचा चेहरा ही फळीच होती. सिझिकसनेही त्या हंगामात २० गोल केले. जो मार्टिन एका संघात प्रेक्षकांत बसला होता तो दुसऱ्या संघात रोज खेळत होता. म्हणून चौथी फळी ठरवताना मी आधी वरचे नऊ फॉरवर्ड बघतो. वर धावणारे, गोल करणारे भरपूर असतील आणि कोपऱ्यात कुणीच जात नसेल, तर बारावा दणकट. वरच्या फळ्या जड आणि संथ असतील, तर बारावा चपळ.

कसबी तरुणांना चौथ्या फळीत यश का मिळत नाही, याबद्दल मला जरा कळवळा आहे. ज्याच्या हातात कसब असतं त्याला पक वारंवार लागावा लागतो. इथे त्याला आठ मिनिटं मिळतात, त्यातली बरीचशी आपल्याच टोकाला सुरू होतात, आणि शेजारचे दोघे त्याच्या मनातला पास ओळखतील असे नसतात. मग तो मिळालेल्या एकाच संधीत सगळं दाखवायला जातो. समोरच्या निळ्या रेषेवर (जिथून त्यांचं टोक सुरू होतं) एकाला चकवतो, दुसऱ्याकडे पक गमावतो, आणि उलट दिशेने तिघे त्याच्या गोलरक्षकावर धावून जातात. कोचला त्याचा हात दिसत नाही असं नाही. पण त्याच्या वहीत ती शिफ्ट राहते. त्यामुळे बऱ्याच संघांचा विचार असा की एकवीस वर्षांच्या मुलाने एनएचएलमध्ये सात मिनिटं बसून काढण्यापेक्षा खालच्या एएचएलमध्ये अठरा मिनिटं, पॉवर प्लेसकट (समोरचा एक खेळाडू शिक्षेमुळे कमी असतानाचा खेळ) खेळावं. मला हा विचार पूर्णपणे मान्य आहे.

एक कारण बर्फावर कधीच दिसत नाही, ते कागदोपत्री आहे. संघात जास्तीत जास्त २३ खेळाडू ठेवता येतात. अनुभवी खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवायचं तर त्याला आधी वेव्हर्सवर ठेवावं लागतं, म्हणजे २४ तासांत दुसरा कुठलाही संघ त्याला फुकट उचलू शकतो. नव्या तरुणाला सुरुवातीची काही वर्षं या नियमातून सूट असते. त्यामुळे दोघे सारखेच वाटत असतील तर तरुण खाली जातो, कारण त्याला गमावण्याची भीती नसते. प्रेक्षकांना वाटतं कोचला दणकट आवडतो. बऱ्याचदा तो निर्णय कोचचा नसतोच.

आणि हो, हे दोन गुण एकाच माणसात असू शकतात. २०२४-२५ मध्ये व्हँकुव्हरच्या कीफर शेरवूडने ४६२ हिट मारले, एका हंगामातला नोंदवलेला सर्वाधिक आकडा, आणि १९ गोलही केले. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी निवडलेलं नव्हतं. शरीराने तो राक्षस नाही. तो सर्वांत आधी पोहोचतो, एवढंच.

आता तुमच्या मुलाबद्दल. पंधराव्या वर्षी दणकटपणा म्हणजे पुष्कळदा फक्त लवकर झालेली वाढ असते. हॉकी कॅनडाने २०१३ मध्ये पीवी गटातलं, म्हणजे ११-१२ वर्षांच्या मुलांमधलं बॉडी चेकिंग बंद केलं. त्यामुळे या वयात मुलांना धडक देण्या-घेण्याचा अनुभव दोन-तीन वर्षांचाच असतो आणि ज्याला आधी मिसरूड फुटलं तो बलवान वाटतो. दोन वर्षांनी बाकीची मुलं त्याच्या बरोबरीला येतात आणि तोवर त्याने स्केटिंगवर काम केलं नसेल तर तो मागे पडतो. म्हणून मी या गटात चौथ्या फळीलाही सामन्याच्या अखेरीपर्यंत नियमित वेळ देतो. तुमच्या कोचने निकालासाठी थोराड मुलगा निवडला असेल तर तो या वयासाठी घाईचा निर्णय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाचं वजन वाढवायच्या मागे अजिबात लागू नका.

त्याने मेहनत घ्यायची ती भिंतीलगतच्या खेळावर. आपल्या टोकाला भिंतीवर पास आला, मागून कुणी दाबतंय, अशा वेळी पक निळ्या रेषेबाहेर काढता येणं ही विंगरची पहिली परीक्षा. त्यासाठी ताकदीपेक्षा तयारी लागते: पक येण्याआधी मागे एक नजर, गुडघे वाकलेले, कंबर भिंतीला टेकलेली, पक स्केटजवळ. सुंदर चाल दिसत नसेल तर पक काचेला लावून बाहेर. समोरच्या निळ्या रेषेवर दोघे उभे असतील तर चकवायला न जाता पक त्यांच्या मागे सोडून पळायचं. आणि पक गेला की त्याच क्षणी मागे फिरायचं, मान खाली घालून उसासे टाकत बसायचं नाही. हात चांगला असलेली मुलं नेमकी इथेच दोन सेकंद गमावतात, आणि कोच नेमकी हीच दोन सेकंदं बघत असतो.

कोचशी तुम्ही बोलू नका, मुलालाच बोलू द्या. ‘मला वेळ का मिळत नाही’ याऐवजी त्याने विचारावं, ‘एका गोलने पुढे असताना शेवटच्या दोन मिनिटांत तुम्ही मला उतरवावं यासाठी मी काय शिकू?’ माझ्याकडे कुणी हे विचारत आलं की त्याला मी पुढच्या सरावात पेनल्टी किलच्या चौघांत उभा करतो आणि तो स्टिक कुठे ठेवतो ते बघतो.